मोबाइलवरचा बाजार आणि नोकरीची मुलाखत

पूर्वी गावातला मुलगा शिकला की मास्तर होई, तलाठी होई, नाहीतर गिरणीत जाई. त्या नोकऱ्या घरात सगळ्यांना समजत. आता नोकऱ्यांची नावे बदलली. लेक पुण्याहून फोन करते, "आबा, ऑनलाइन मार्केटिंगमध्ये मॅनेजरची जागा निघाली आहे. सोमवारी मुलाखत आहे." आबा "बरं, बरं" म्हणतात. पण मनात म्हणतात, ही कसली नोकरी? यात आपण काय सांगणार?

वाचक बंधुभगिनींनो, आम्ही म्हणतो, तुम्ही पुष्कळ सांगू शकता. ज्याने आठवडी बाजारात भाजीची पाटी मांडली आहे, ज्याने अडत्याची पट्टी तपासून पैसे घेतले आहेत, त्याला या नोकरीतले निम्मे आधीच कळते. उरलेले निम्मे या पाठात बघू.

ही नोकरी कसली?

मार्केटिंग म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत नेऊन खपवण्याची व्यवस्था. ऑनलाइन म्हणजे इंटरनेटवरून. आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्य लोकांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. पुढे ते मोबाइलवर आले. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि मोबाइलवरूनच पैसे देता येऊ लागले. अशा रीतीने बाजार तळहातावर आला.

बाजाराच्या दिवशी आपण चार कामे करतो. पहाटे जाऊन जागा धरतो. माल नीट मांडतो. गिऱ्हाइकाला हाक देतो. संध्याकाळी हिशोब करतो. मोबाइलवरच्या बाजारातही हीच चार कामे आहेत.

जागा म्हणजे कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ, किंवा ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारखी मोठी दुकाने. मांडणी म्हणजे मालाचा फोटो, वर्णन आणि भाव. गिऱ्हाइकाला माल हातात घेऊन बघता येत नाही. म्हणून फोटो आणि शब्द नेमके लागतात. हाक म्हणजे जाहिरात. ती गुगलवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर देतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर निरोप जातो. आणि हिशोब तो हिशोबच.

या चारही कामांवर जो देखरेख करतो तो मॅनेजर, म्हणजे व्यवस्थापक. त्याच्या हाताखाली लिहिणारा असतो, फोटो काढणारा असतो, जाहिरात लावणारा असतो. महिन्याला किती पैसे खर्चायचे, कुठे खर्चायचे, हे तो ठरवतो. खर्चलेल्या पैशातून काय आले, हे मालकाला सांगतो.

ही जागा बहुधा पहिल्याच दिवशी मिळत नाही. आधी दोनचार वर्षे हाताखाली काम करावे लागते. म्हणून मुलाखतीत मुख्य प्रश्न एकच असतो : तुम्ही आजवर स्वतः काय केलेत, आणि त्याचे फळ काय मिळाले?

हाक देण्याचा लिलाव

गुगल ही कंपनी १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली. कोणी "चांगली हळद" असे लिहून शोधले की गुगल यादी दाखवते. या यादीत दोन प्रकारची नावे असतात. काही नावे फुकट येतात. ज्याचे पान वाचणाऱ्याला उपयोगी, ते वर येते. आपले पान वर यावे म्हणून जी मेहनत करतात, तिला एसईओ म्हणतात. त्याला महिने लागतात, पण दर गिऱ्हाइकामागे गुगलला पैसे द्यावे लागत नाहीत.

दुसरी नावे पैसे भरून आलेली असतात. गुगलने अशा जाहिराती २००० साली सुरू केल्या. त्यांच्या जागेचा लिलाव होतो. तुम्ही बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिला असेल. तिथे जास्त बोली बोलणाऱ्याला माल मिळतो. गुगलच्या लिलावात मात्र बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही बघतात. शोधणाऱ्याला जे हवे तेच जाहिरातीत असेल, तर कमी बोलीवरही वरची जागा मिळू शकते. अशा जाहिरातीत सहसा पैसे केव्हा लागतात? कोणी तिच्यावर बोट लावून आत गेला तरच. त्या बोट लावण्याला क्लिक म्हणतात.

एवढे समजले की "एसईओ आणि जाहिरात यांत फरक काय?" या प्रश्नाचे उत्तर तयार झाले. हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो.

हिशोबात खरी परीक्षा

आपल्याकडे म्हण आहे, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. ते खरे आहे. पण मॅनेजरच्या मुलाखतीत नुसते बोलून भागत नाही. तिथे हिशोब विचारतात. एक उदाहरण घेऊ. यातले आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत.

समजा, हळदीच्या अर्ध्या किलोच्या पाकिटाची जाहिरात दिली. ती १०,००० वेळा दिसली. २०० जणांनी क्लिक केले. त्यांतल्या १० जणांनी प्रत्येकी एक पाकीट घेतले. जाहिरातीला १,००० रुपये लागले.

आता बघा. १०० वेळा दिसली तेव्हा २ जण आत आले. आत आलेल्या १०० जणांत ५ जणांनी खरेदी केली. एक क्लिक ५ रुपयांना पडले. एक गिऱ्हाईक १०० रुपयांना पडले. हे चार आकडे मुलाखतीत तोंडपाठ मांडता आले पाहिजेत.

पण खरा प्रश्न पुढे आहे. यात नफा झाला की तोटा?

पाकिटाची किंमत १५० रुपये. हळद आणि पाकीटबंदी मिळून ८० रुपये. कुरिअर ५० रुपये. हाती राहिले २० रुपये. आणि गिऱ्हाईक आणायला गेले १०० रुपये. म्हणजे दर पाकिटामागे ८० रुपये तोटा. दहा पाकिटे विकली आणि ८०० रुपये गेले. जितकी विक्री जास्त, तितकी झळ जास्त.

मुलाखत घेणारे साहेब असा हिशोब पुढे ठेवतात आणि विचारतात, "आता तुम्ही काय कराल?" कच्चा उमेदवार म्हणतो, "जाहिरात वाढवू." पक्का उमेदवार थांबतो. तो म्हणतो, "एक पाकीट विकणे परवडत नाही. सहा पाकिटांचा डबा करून बघू. किंमत ९०० रुपये. माल ४८० रुपयांचा. कुरिअर १०० रुपये. राहिले ३२०. त्यातून जाहिरातीचे १०० गेले, तरी २२० हाती येतात. डब्याला गिऱ्हाईक कमी मिळेल, जाहिरात महाग पडेल, असे होऊ शकते. म्हणून आधी थोड्या पैशांत आठ दिवस करून बघू. आणि ज्याने एकदा घेतले, त्याला विचारून व्हॉट्सॲपवर कळवू. तो परत आला तर जाहिरातीचे १०० रुपये वाचतात."

हे उत्तर ऐकून साहेब पुढे सरकून बसतात. कारण हा मुलगा आपले पैसे जपेल, असे त्यांना वाटते. आम्ही मुलांना सांगतो की या मुलाखतीचे सार हेच आहे. तिथे शब्द नव्या जगाचे असतात, पण तोलतात ती जुनीच गोष्ट : याला दुसऱ्याच्या पैशाची काळजी आहे का?

आणखी एक खाच आहे. काही गिऱ्हाईक माल आल्यावर पैसे देतो म्हणतात आणि पार्सल परत पाठवतात. मग जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही भाडे अंगावर बसते. विक्रीचा आकडा सांगताना परत आलेला माल वजा करूनच सांगावा.

घरी बसून तयारी

मुलाखतीला आठ दिवस असतील तर ते असे वापरावेत.

पहिले दोन दिवस त्या कंपनीचा अभ्यास करावा. तिचे संकेतस्थळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघावे. भाव कळतो का? माल पोचायला किती दिवस लागतील ते लिहिले आहे का? गिऱ्हाइकांनी तक्रारी काय लिहिल्या आहेत? फेसबुकवर चालू असलेल्या जाहिराती "ॲड लायब्ररी" नावाच्या जागी कोणालाही फुकट बघता येतात. तिथे कंपनीचे नाव घालून तिच्या जाहिराती बघाव्यात. तिच्या स्पर्धकाच्याही बघाव्यात. चांगल्या दोन गोष्टी आणि सुधारण्याजोगी एक गोष्ट वहीत लिहावी. सुधारणा सांगताना नम्रपणे सांगावी. दुसऱ्याच्या घरी जाऊन पहिल्याच दिवशी भिंती पडक्या म्हणू नये.

पुढचे तीन दिवस आपल्या कामाची वही करावी. कोणते काम केले, किती खर्च झाला, किती विक्री झाली, काय चुकले, मग काय बदलले, हे एका पानावर लिहावे. जुन्या कंपनीची गुपिते मात्र सांगू नयेत. आज एकाचे सांगणारा उद्या आपलेही सांगेल, हे साहेबांना कळते.

ज्याने अजून नोकरीच केली नाही त्याने काय करावे? त्याने आधी हाताखालच्या जागेसाठी जावे. पण रिकाम्या हाताने जाऊ नये. गावातल्या बचत गटाचे पापड, लोणची असतात. व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप २०१८ साली आले. त्यात मालाची यादी फोटोसह लावता येते. ती करून द्यावी. खाण्याचा माल असल्यामुळे गटाची अन्नसुरक्षेची नोंदणी आहे ना, पाकिटावर १४ आकडी क्रमांक आहे ना, हे आधी बघावे. मग पाचशे रुपयांची जाहिरात देऊन पंधरा दिवस रोज आकडे लिहावेत. विक्री थोडी झाली तरी हरकत नाही. हे एक पान दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

प्रमाणपत्राचेही सांगतो. काही शिकवण्या हजारो रुपये मागतात. पैसे भरण्याआधी एक करावे. गुगलच्या "स्किलशॉप" या ठिकाणी जाहिरातीचे धडे आणि परीक्षा फुकट आहेत. आधी ते पुरे करावेत. त्यानंतरही गरज वाटली, तरच पैशाचा विचार करावा. शिकवणीसाठी कर्ज काढून शेत गहाण टाकू नये.

उरलेले दिवस बोलण्याच्या सरावाचे.

प्रश्न आणि उत्तरे

साहेब काय विचारतात त्याचा थोडा नमुना देतो.

साहेब : तुमची एखादी जाहिरात फसली का?

उमेदवार : हो सर. आम्ही एकच जाहिरात सगळ्या राज्यभर दिली. खर्च झाला, पण विक्री झाली नाही. आकडे बघितल्यावर कळले की मागणी दोनच शहरांतून येते. मग जाहिरात तेवढ्याच शहरांत ठेवली.

साहेब : हाताखालचा माणूस काम वेळेवर देत नसेल तर?

उमेदवार : आधी त्याला एकट्याला बोलावून अडचण विचारेन. काम मोठे असेल तर तुकडे करून देईन. तरीही झाले नाही, तर तुम्हाला कळवेन. चारचौघांत बोलणार नाही.

साहेब : खर्च निम्मा करा असे सांगितले तर?

उमेदवार : कोणत्या जाहिरातीतून एक गिऱ्हाईक कितीला पडते ते मांडेन. सगळ्यात महाग असेल ती आधी बंद करेन. सगळीकडे सरसकट निम्मे करणार नाही.

ही उत्तरे पाठ करू नयेत. आपापल्या कामातली उदाहरणे शोधावीत. पाठ केलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते. एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ म्हणावे, "हे मला येत नाही, पण असे शिकेन." येत नाही म्हणणाऱ्याची लाज जात नाही. खोटे सांगणाऱ्याची जाते.

शेवटी साहेब विचारतात, "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" तेव्हा गप्प बसू नये. विचारावे, "पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे? जाहिरातीला महिन्याचे किती पैसे असतात? पगार ठरलेला आहे की काही भाग विक्रीवर आहे?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. मजुरी ठरवल्याशिवाय आपण तरी दुसऱ्याच्या शेतात जातो का?

खोटी हाक देऊ नये

बाजारात वरती मोठी वांगी आणि खाली किडकी, असे करणारा एकदाच विकतो. मोबाइलवरही तसेच. शिवाय तिथे कायदा आहे. २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली लागू झाला. खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास माल बनवणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परत केल्यास ५० लाखांपर्यंत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडची हळद त्या नावाने विकता येत नाही. "ही हळद खा, अमुक आजार बरा होईल" असेही लिहू नये. लोकांची खाजगी माहिती जपण्याचा कायदा संसदेने २०२३ साली केला. म्हणून गिऱ्हाइकाचे फोन नंबर त्याला न विचारता वापरू नयेत.

साहेब मुद्दाम विचारतात, "विक्री वाढावी म्हणून थोडे वाढवून लिहाल का?" याचे उत्तर एकच. "सर, मालात जे आहे ते जोरात लिहीन. नाही ते लिहिणार नाही."

नोकरीच्या नावाची फसवणूक

आता घरातल्या वडीलधाऱ्यांनी नीट वाचावे असा भाग. या क्षेत्रात नोकरीच्या नावाने फसवणारेही पुष्कळ आहेत. ते फोन करतात, "तुमची निवड झाली. फक्त नोंदणीचे पैसे भरा." कोणी लॅपटॉपची अनामत मागतो. कोणी म्हणतो, "व्हिडिओला पसंती द्या, पैसे मिळतील." आधी शेपन्नास रुपये देतो. विश्वास बसला की हजारो रुपये भरायला लावतो आणि गायब होतो.

लक्षात ठेवा. खरी कंपनी पगार देते, नोकरीसाठी पैसे मागत नाही. जी मागते, तिथे जाऊ नये. फोनवर आलेला ओटीपी, म्हणजे गुप्त आकडा, कोणालाही सांगू नये. कंपनीचा पत्ता आणि फोन तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेऊन खात्री करावी. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि मुलगा फसला तर त्याला घरात बोल लावू नयेत. बोलांच्या भीतीने मुले गोष्ट लपवतात, आणि तेवढ्या वेळात चोर पळतो.

मुलाखतीचा दिवस

मुलाखत कचेरीत असेल तर अर्धा तास आधी पोचावे. एसटीच्या भरवशावर शेवटची गाडी धरू नये. कपडे नवे नसले तरी चालतात, धुतलेले असावेत. अर्जाच्या दोन प्रती आणि कामाची वही बरोबर घ्यावी.

हल्ली पहिली मुलाखत पुष्कळदा मोबाइलवरच घेतात. त्यात समोरासमोर चेहरा दिसतो. त्यासाठी रेंज कुठे चांगली येते ते आदल्या दिवशी बघून ठेवावे. मोबाइल पूर्ण चार्ज करावा. उजेड तोंडावर यावा, पाठीमागे नको. वीज गेली, आवाज तुटला, तर घाबरू नये. कंपनीचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवावा आणि लगेच कळवावे. घरच्यांनी तेवढा तास टीव्ही बंद ठेवावा, कोंबड्या हाकलाव्यात आणि दारात पाहुणा आला तर त्याला ओसरीवर बसवावे. हीसुद्धा मदतच आहे.

तुमचे काम

आता तुमच्या वाट्याचे काम सांगतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री लेकीला समोर बसवा. तुम्ही साहेब व्हा. तिला म्हणा, "मला या कामातले काही कळत नाही. समजावून सांग." ती मोठमोठे इंग्रजी शब्द बोलू लागली तर थांबवा. म्हणा, "अगं, साध्या भाषेत सांग. पैसे किती घातले? किती आले? मध्ये कुठे गेले?" तुम्हाला कळेपर्यंत विचारत राहा. जे आबांना कळेल असे सांगता येते, ते साहेबांना सांगायला जड जात नाही.

आणि वरचा हळदीचा हिशोब तुम्हीही एकदा पाटीवर मांडून बघा. आकडे बदला. पाकीट १८० रुपयांना विकले तर काय होईल? कुरिअर ७० रुपये झाले तर? पेन्सिल हातात घ्या. लेक येईल तेव्हा उत्तर तिला दाखवा.